अनुभव कोणाचा मोजला जातो?

पुण्यातील विधी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तरुण-तरुणींना एक उपदेश सर्व बाजूंनी ऐकवला जातो. लॉ फर्मच्या मुलाखतीत आपली कौशल्ये आणि आपला अनुभव प्रभावीपणे मांडायला शिका, म्हणजे नोकरी तुमचीच! या उपदेशाची पुस्तके निघाली, वर्ग निघाले, महाविद्यालयांतून व्याख्याने झडू लागली. दोन मिनिटांत स्वतःची ओळख कशी करून द्यावी, हात कोठे ठेवावेत, दोष विचारला तर एखादा गुणच दोष म्हणून कसा सांगावा, येथपर्यंत सारे पढवले जाते. एवढे होऊनही इंदापूरकडील शेतमजुराचा मुलगा किंवा जनता वसाहतीतील मोलकरणीची मुलगी त्या दारातून परत फिरते, तेव्हा दोष तिच्या मांडणीला लावला जातो. 'पोरगी हुशार आहे, पण तिला स्वतःला मांडता येत नाही,' असा शेरा मारून मंडळी मोकळी होतात.

हा शेरा फसवा आहे. मांडणी कच्ची असेल तर ती महिन्या-दोन महिन्यांत सुधारता येते. परंतु अनुभव म्हणून काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही, हे मेजापलीकडे बसलेल्यांनी उमेदवार आत येण्यापूर्वीच ठरवून टाकलेले असते, आणि ते ठरवताना बापाच्या खिशाचे वजनही काट्यात पडलेले असते. हा काटा तसाच ठेवून उमेदवाराला फक्त बोलायला शिकवणे म्हणजे मापात खोट असलेल्या वाण्याकडे धान्य चाळून नेण्यासारखे आहे.

यातील विसंगतीही लक्षात घेण्याजोगी आहे. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, अशिलांच्या मागे लागून काम मिळवू नये, असे भारतीय वकील परिषदेच्या आचारनियमांतील ३६ वा नियम बजावतो. पेशाच्या प्रतिष्ठेसाठी हा नियम आहे असे सांगितले जाते. परंतु त्याच पेशात पाऊल ठेवू पाहणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाला मात्र स्वतःचीच जाहिरात कर, स्वतःला विकून दाखव, असे सांगताना कोणाची जीभ अडखळत नाही.

विकतची उमेदवारी

मुलाखतीतील पहिला खरा प्रश्न इंटर्नशिपचा असतो. जुन्या वकिलांच्या भाषेत हीच उमेदवारी. वकील परिषदेच्या २००८ च्या विधी-शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला किमान २० आठवडे उमेदवारी करावी लागते. कोणत्याही वर्षी ती सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. नियमामागील हेतू चांगला आहे. कायद्याचे पुस्तक आणि न्यायालयाची पायरी यांतले अंतर विद्यार्थ्याने शिकत असतानाच ओलांडावे, हे योग्यच. मात्र त्या आठवड्यांत विद्यार्थ्याने खायचे काय आणि राहायचे कोठे, याविषयी नियम मौन पाळतात. विद्यावेतन देण्याचे बंधन त्यांनी कोणावरही घातलेले नाही.

या मौनाचा फायदा कोणाला होतो, हे उघड आहे. ज्याच्या मामाचे दादरला घर आहे तो मे महिन्यात मुंबईच्या फोर्टातील मोठ्या फर्ममध्ये बिनपगारी बसू शकतो. ज्याच्या वडिलांचा दिल्लीतील एखाद्या ज्येष्ठ वकिलाशी परिचय आहे त्याला डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचे दालन पाहायला मिळते. पाच वर्षांत अशा चार-पाच ठिकाणांची नावे त्याच्या बायोडेटावर जमा होतात. ती नावे म्हणजे त्याचा 'अनुभव'. तेथे त्याने महिनाभर छायाप्रती काढल्या असोत की एखाद्या अपिलाचा मसुदा लिहिला असो, नावाचे वजन पडायचे ते पडतेच.

त्याच वर्गात शेजारच्या बाकावर बसलेला दुसरा विद्यार्थी काय करत असतो? तो विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजनेत तासांवर काम करत असतो. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानात जूनच्या गर्दीत उभा असतो, रात्री एखाद्या सोसायटीच्या फाटकावर पहारा देत असतो, आणि सुट्टी लागली की घरच्या उसाला पाणी द्यायला गावी जातो. त्याची उमेदवारी तालुक्याच्या न्यायालयातील एखाद्या वकिलाकडे उरकलेली असते. बायोडेटावर तो ती एका ओळीत लिहितो. पुस्तकाचे दुकान आणि पहारा तर तो लिहीतच नाही. त्याला त्याची लाज वाटावी अशीच व्यवस्था आहे.

फर्मचे भागीदार यावर म्हणतील, पुस्तके विकणे हा कायद्याचा अनुभव नव्हे. मान्य. परंतु नामांकित फर्मच्या वातानुकूलित खोलीत चार आठवडे बसून चहा पिणे हाही कायद्याचा अनुभव नव्हे. पहिला आपले काम लपवतो आणि दुसरा आपला चहा मिरवतो, यापलीकडे त्या दोन बायोडेटांतील फरकाला फारसा अर्थ नसतो. पैसे न घेता काम करण्याची ऐपत ज्याच्यापाशी आहे त्याला अनुभव मिळतो आणि अनुभव असेल त्यालाच पुढे पैसे मिळतात. या चक्राला गुणवत्ता हे नाव देणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

सातबाऱ्याला मोल नाही

दुसरे वजन इंग्रजीचे. येथे फर्मच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. हिंजवडीतील संगणक कंपन्यांचे करारनामे इंग्रजीत असतात, चाकणच्या कारखान्यांचे परदेशी भागीदार इंग्रजीत बोलतात. परदेशी वकिलांना आणि फर्मना भारतात मर्यादित प्रवेश देणारे नियम वकील परिषदेने २०२३ साली केले व २०२५ साली सुधारले. त्यामुळे हा ओढा वाढणारच. इंग्रजी कायदा वाचता न येणारा वकील अपुरा ठरेल यात शंका नाही.

परंतु पुण्यातील वकिली धंद्याचा मोठा भाग कशावर उभा आहे, हेही त्याच प्रामाणिकपणे सांगायला हवे. तो जमिनीवर उभा आहे. गेल्या काही दशकांत या शहराने बाणेर, वाघोली, मांजरी, हिंजवडी अशी गावेच्या गावे पोटात घेतली. त्या प्रत्येक इमारतीच्या पायाखाली एक सातबारा आहे, आणि तो मराठीत आहे. मालकी हक्काचा शोध घ्यायचा म्हणजे तीस-तीस वर्षांचे फेरफार वाचायचे, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची क्रमांक २ चाळायची, 'इतर हक्क' या रकान्यात कोणाचे नाव दबून बसले आहे ते शोधायचे. भोगवटादार वर्ग २ म्हणजे काय, कुळकायद्याचे ४३ वे कलम जमिनीच्या विक्रीवर कोणती बंधने घालते, १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करण्याच्या कायद्यानंतर महार वतनाच्या जमिनी कोणत्या शर्तीवर परत दिल्या गेल्या, नावापुढील 'ए. कु. मॅ.' ही अक्षरे म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि म्हणून त्या एका नावामागे किती भावाबहिणींचे हिस्से उभे आहेत, हे ज्याला कळत नाही त्याने दिलेला शोध अहवाल हा कागदाचा चिटोरा होय. पुणे परिसरातील वतनी आणि इनामी जमिनींचे व्यवहार वारंवार वादात सापडले, त्याचे कारण इंग्रजी कच्चे असणे हे खचितच नव्हते.

शिवाय महाराष्ट्र शासनाने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा, काही अपवाद वगळता, मराठी केली. शिवाजीनगरच्या न्यायालयात साक्षीदार मराठीत बोलतो, उलटतपासणी मराठीत होते, पोलिसांचा पंचनामा मराठीत असतो. शासनाच्या भाषा संचालनालयाने वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या सोयीसाठी न्यायव्यवहार कोश सिद्ध केला. तेव्हा मराठी कायदेशीर गद्य लिहिता येणे हे एक कौशल्य आहे, आणि ते दुर्मीळ होत चालले आहे. जुने मोडी कागद वाचता येणे हे त्याहून दुर्मीळ.

असे असताना लॉ फर्मच्या मुलाखतीत किती वेळा उमेदवारापुढे एखादा सातबारा ठेवून 'यात काय दिसते ते सांग' असे म्हटले जाते? ज्याचे लहानपण बांधाच्या भांडणात आणि तलाठ्याच्या ओसरीवर गेले, ज्याने आजोबांचे नाव कुळाच्या रकान्यातून नाहीसे झालेले पाहिले, त्याच्यापाशी असलेले ज्ञान विकत मिळणारे नाही. नोकरीवर घेतल्यावर त्याच ज्ञानाचा पुरेपूर वापर होतो. उन्हातान्हात तहसील कचेरीत फेऱ्या घालायला हाच मुलगा धाडला जातो, आणि त्याने आणलेल्या माहितीवर इंग्रजीत अहवाल लिहून अशिलासमोर बसतो तो दुसराच. वापर करायचा पण मोल द्यायचे नाही, या व्यवहाराला कामगार चळवळीत एक जुने नाव आहे. ते येथे वेगळे सांगण्याची गरज नाही.

दार अडवण्याची जुनी रीत

ज्यांना दार नाकारले गेले ते कर्तृत्वात कमी होते, असे मानण्याला पुण्याच्या इतिहासात तरी आधार नाही.

कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. पदवी परीक्षेत त्या कॉलेजात पहिल्या आल्या. त्या गुणांवर पुरुषाला विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती, त्यांना ती स्त्री म्हणून नाकारण्यात आली. इंग्लंडमधील हितचिंतकांच्या मदतीने त्या १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या, कायदा शिकल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याच्या पदवीची परीक्षा त्यांनी दिली. परत येऊन मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. आणि अलाहाबादची प्लीडरची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. तरीही सनद नाही! स्त्रियांना वकिलीचे दार उघडले ते १९२३ च्या कायद्याने. साम्राज्यशाहीविषयी सोराबजींची मते काहीही असोत, त्यांच्यापाशी कौशल्य नव्हते किंवा त्यांना स्वतःला मांडता येत नव्हते, असे कोणी म्हणू धजणार नाही.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेत अभ्यास करून, ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा सनदेसाठी लागणारे पैसेही त्यांना नवल भथेना या मित्राकडून घ्यावे लागले. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील कामे सॉलिसिटरांमार्फत येत, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम देत नसत. त्या काळच्या या 'फर्म' होत. बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून आंबेडकरांनी संसाराला हातभार लावला.

आणि त्यांच्या वकिलीचा एक गाजलेला विजय पुण्यातच घडला. दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेवरून लेखक जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे आणि प्रस्तावना लिहिणारे केशवराव बागडे यांच्यावर बदनामीचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली. १९२६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात अपील चालले, आंबेडकरांनी ते लढवले, आणि आरोपी निर्दोष सुटले. सॉलिसिटरांच्या काट्यावर ज्याला वजन नव्हते त्याच्याकडे पुण्यातील ब्राह्मणेतर चळवळीने आपले कार्यकर्ते सोपवले होते. काटा कोणाच्या हाती आहे यावर वजन ठरते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आज कोणी उघडपणे जात विचारत नाही. आडनाव विचारले जाते, शाळा विचारली जाते, वडील काय करतात हे सहज म्हणून विचारले जाते. तरुणींना लग्न कधी करणार आणि झाल्यावर काम चालू ठेवणार का, असे विचारण्यात अजूनही काही गैर वाटत नाही. वस्तुतः भरतीच्या वेळी स्त्री म्हणून भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती, आणि ती मनाई २०१९ च्या वेतनसंहितेतही कायम ठेवली गेली. कायद्याचा धंदा करणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

पेशा की धंदा?

मुलाखतीच्या उत्तरार्धात पगाराचा विषय निघतो आणि तेथे या व्यवस्थेचा दुटप्पीपणा पुरता उघडा पडतो. तोपर्यंत सारी भाषा धंद्याची असते. अशिलाला लावता येतील असे तास किती भरशील, रात्री थांबशील का, रविवारी येशील का, असे विचारले जाते. उमेदवाराने रजा, भविष्यनिर्वाह निधी, कामाच्या तासांची मर्यादा यांविषयी शब्द काढला की भाषा एकाएकी बदलते. वकिली हा उदात्त पेशा आहे, येथे नोकर-मालक असे नाते नसते, हे त्याला ऐकवले जाते.

या उदात्ततेला कायद्याचा टेकू आहे. वकिली करणाऱ्याने कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर असू नये, असे वकील परिषदेचा ४९ वा नियम सांगतो. त्यामुळे फर्ममध्ये रोज दहा-बारा तास राबणारा तरुण कागदोपत्री 'असोसिएट' असतो आणि त्याला मिळते ते वेतन नव्हे, व्यावसायिक शुल्क. कारकुनांची स्थितीही वेगळी नाही. केरळमधील एका वकिली फर्मच्या कारकुनाने दुकाने व आस्थापना कायद्याचे संरक्षण मागितले, तेव्हा १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची कचेरी ही त्या कायद्याखालील व्यापारी आस्थापना नव्हे असा निर्णय दिला. वकील व्यापार करत नाहीत, असे त्यामागील तत्त्व होते. तो निर्णय लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पुण्याच्याच विधी महाविद्यालयात शिकलेले. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायद्यातूनही बाहेर ठेवले. म्हणजे वर अशिलाला जाब विचारण्याची सोय मर्यादित, आणि खाली राबणाऱ्याला संरक्षण नाही. उदात्ततेचा लाभ नेमका मधल्या भागीदारांना व्हावा, हा योगायोग विलक्षणच म्हणायचा!

न्यायसंस्थेलाही ही विसंगती जाणवू लागली आहे. यशवंतरावांचेच पुत्र सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये वकील परिषदेने केलेल्या सत्काराच्या समारंभात, तरुण वकिलांना गुलामासारखे राबवण्याची वृत्ती सोडा आणि त्यांना जगण्यापुरते वेतन द्या, अशा आशयाचे खडे बोल ज्येष्ठांना ऐकवले. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सनदेच्या नोंदणीसाठी खुल्या वर्गाकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपये यांहून अधिक घेण्यास राज्य परिषदांना मनाई केली. तोपर्यंत निरनिराळ्या राज्यांत पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत आणि त्याहूनही अधिक रक्कम उकळली जात होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये वकील परिषदेने कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे परिपत्रक काढले. परंतु ती शिफारस आहे. न देणाऱ्याचे काही बिघडत नाही. शिफारशीने कोणाची खोली भाड्याने मिळत नाही की खानावळीचे बिल फिटत नाही.

दोन चुकीची उत्तरे

या परिस्थितीवर दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्ही चुकीची आहेत.

पहिले उत्तर बाजाराचे. ग्रामीण मुलांना इंग्रजी संभाषण आणि व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग द्या, म्हणजे तीही शर्यतीत उतरतील. या वर्गांची फी भरायची कोणी, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी त्यातून घडते काय? मुलगा स्वतःचा अनुभव टाकून दुसऱ्याचा अनुभव पाठ करतो. मुलाखत घेणाऱ्याला ते पहिल्या वाक्यातच कळते आणि मुलगा दोन्हीकडून बुडतो.

दुसरे उत्तर चळवळीतीलच काही मंडळींकडून येते, म्हणून त्याचा परामर्श अधिक कठोरपणे घेतला पाहिजे. लॉ फर्म म्हणजे भांडवलदारांची चाकरी. तेथे आपल्या मुलांनी जावेच कशाला, असे ते म्हणतात. हा त्याग दुसऱ्याच्या पोराला सांगणे सोपे आहे. तालुक्याच्या न्यायालयात पहिली चार-पाच वर्षे जवळजवळ फुकट उभे राहणे कर्जबाजारी घरातल्या मुलाला परवडत नाही, म्हणून तो फर्मकडे वळतो. शिवाय कंत्राटी कामगारांचा करार कोणत्या खुबीने लिहिला जातो, कंपनीचे विलीनीकरण करताना कामगारांची देणी कशी टांगली जातात, गावाची जमीन कुलमुखत्यारपत्रावर कशी फिरते, हे ज्या खोल्यांत ठरते त्या खोल्यांत कामगाराच्या घरातले कोणीच बसणार नसेल, तर ती विद्या कायम एकाच वर्गाच्या मुठीत राहील. उद्या कामगार न्यायालयात संघटनेच्या बाजूने उभा राहणारा वकील ती विद्या कोठून आणणार?

करायचे काय?

पहिली गोष्ट उमेदवारांसाठी. मांडणी शिकायची, पण खऱ्याची. पहाऱ्याच्या नोकरीला कायद्याचा मुलामा देऊ नये; ती नोकरी करून पदवी घेतली एवढेच सरळ सांगावे, त्यात लाजण्याजोगे काही नाही. मात्र कायद्याला स्पर्श करणारे प्रत्येक काम शोधून लिहावे. गावातल्या विधवेचा वारसनोंदीचा अर्ज लिहून दिला असेल, घरकामगारांच्या थकलेल्या वेतनासाठी तक्रार तयार केली असेल, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरात किंवा लोकन्यायालयात मदत केली असेल, तर ते अनुभव आहेत. ते सांगताना चार गोष्टी क्रमाने सांगाव्यात : प्रकरण काय होते, कोणते कागद वाचले, अडचण कोणती सापडली आणि शेवटी काय झाले. माणसाचे नाव उघड करू नये; गुप्तता पाळता येते हेही त्यातून दिसते. सातबारा, फेरफार, पंचनामा वाचता येतो, मराठीत कैफियत लिहिता येते, हे बायोडेटाच्या तळाशी 'भाषा' या सदरात न टाकता पहिल्या पाच ओळींत लिहावे. इंग्रजी सावकाश बोलावे, पण स्वतःचे बोलावे. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावे आणि ते कोणत्या कायद्यात शोधावे लागेल ते सांगावे. वकिलाला आयुष्यभर तेच करायचे असते. शेवटी स्वतःही विचारावे. नेमणुकीच्या अटी लेखी मिळतील का, दरमहा रक्कम किती, रजा किती, माझ्या मसुद्यावर माझे नाव राहील का? हे प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

दुसरी गोष्ट मागणीची. नोकरी देणाऱ्या प्रत्येक फर्मने जागेसोबत रक्कम जाहीर करावी. बिनपगारी उमेदवारी बंद व्हावी. वकील परिषदेने २०२४ च्या शिफारशीला नियमाचे रूप द्यावे आणि विद्यार्थ्यांच्या आठवड्यांनाही तो नियम लावावा. पहिली चाळणी लेखी असावी आणि तीत नाव, आडनाव, महाविद्यालय झाकलेले असावे. त्या परीक्षेत एक इंग्रजी करारनामा असावा आणि एक सातबाराही असावा. फर्मना खरोखर गुणवत्ता हवी असेल तर या मागणीला त्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. विरोध झालाच, तर त्यांना काय हवे आहे ते आपोआप स्पष्ट होईल. पुण्यातील वकील संघटना, विधी महाविद्यालयांचे प्राचार्य आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांच्यापुढे ही मागणी निवेदनाच्या रूपाने गेली पाहिजे.

तिसरी गोष्ट कार्यकर्त्यांची स्वतःची, आणि तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही. उमेदवारी कोठे करता येते याची जी यादी २००८ च्या नियमांत आहे, तीत फर्म आणि कंपन्यांबरोबर खालच्या न्यायालयांत काम करणारे वकील, स्वयंसेवी संस्था आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही आहेत. याचा अर्थ असा की कामगार न्यायालयात संघटनांची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाकडे केलेले चार आठवडे हे फोर्टातील चार आठवड्यांइतकेच नियमबद्ध आहेत. प्रत्येक कामगार संघटनेने आपल्या वकिलाकडे वर्षाला दोन विद्यार्थी घ्यावेत, त्यांना महिन्याचे जेवण-भाडे सुटेल एवढे विद्यावेतन सभासदांच्या वर्गणीतून द्यावे, आणि काम संपल्यावर त्यांनी नेमके काय केले याचे सविस्तर प्रमाणपत्र द्यावे. हमाल, कचरावेचक, घरकामगार यांच्या संघटना ज्या शहरात दशकानुदशके उभ्या आहेत तेथे हे अवघड नाही. निवृत्त वकिलांनी आणि न्यायालयीन कर्मचाऱ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतल्या वाचनालयात बसून मुलाखतीचा सराव करून घ्यावा, सातबारा आणि करारनामा दोन्ही समोर ठेवून.

विधी महाविद्यालयांच्या अंतिम परीक्षा संपण्यापूर्वी, म्हणजे येत्या मार्चच्या आत, पुण्यातील निदान दहा संघटनांनी आपल्या वकिलांची नावे आणि विद्यार्थ्यांच्या जागा महाविद्यालयांना लेखी कळवाव्यात. काटा बदलण्याची लढाई लांबणार आहे. पुढच्या जूनमध्ये मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींच्या बायोडेटावर सांगण्याजोगे आणि पैसे मिळालेले चार आठवडे असावेत, एवढी सोय मात्र यंदाच करता येते.